कणगी ज्याच्या घरात

(सुरगाणा येथील विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण. टाचणावरून लिहून काढताना थोडी भर घातली आहे.)



समितीने आम्हांला सांगितले की विषय तुमच्या मनाचा घ्या, फक्त लांबण लावू नका. विषय मनाचा घेतला आहे. दुसरी अट पाळता येईल असे वाटत नाही.

आमची ओळख अध्यक्षांनी करून दिली, ती जरा फुगवून दिली. शिक्षण नववी नापास. पुढचे शिक्षण मुंबईत गिरणीच्या गेटावर, वाचनालयाच्या बाकावर आणि सहा डिसेंबरला चैत्यभूमीला पुस्तकांच्या स्टॉलपुढे उभे राहून झाले. १९८८ साली बदली कामगार म्हणून लागलो, गिरणी बंद पडली तसे इकडे आलो. आता बाजारगल्लीत पिठाची गिरणी चालवतो. म्हणजे मोठी गिरणी गेली, छोटी आली, पण आम्ही गिरणी कामगार ते गिरणी कामगारच.

आजचा विषय आहे सत्ता. सत्ता म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे मंत्री येतो, फौजदार येतो, निवडणुकीची गाडी येते. ती राजसत्ता झाली. पाच वर्षांनी बदलते, निदान माणूस तरी बदलतो. आम्हांला बोलायचे आहे ते दुसऱ्या सत्तेबद्दल. जी कुठल्या कायद्यात लिहिलेली नसते, जिला शिक्का लागत नाही, तरी माणूस तिच्यापुढे आपोआप वाकतो. तिला विद्वान लोक सामाजिक सत्ता म्हणतात. आमची साधी व्याख्या अशी : ज्याच्या शब्दाशिवाय दुसऱ्याची चूल पेटत नाही, त्याच्याकडे सत्ता आहे.

ही सत्ता आली कुठून? देवाने दिली असे सांगणारे खूप आहेत. ब्रह्मदेवाचे तोंड, बाहू, मांड्या आणि पाय आपल्याला पाठ आहेत, ते पुन्हा सांगत नाही. तथागतांनी मात्र वेगळे सांगितले. दीघनिकायात अग्गञ्ञसुत्त आहे. वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन ब्राह्मण तरुणांना ते सांगितलेले आहे. त्यात गोष्ट अशी येते की पूर्वी भात आपोआप उगवत असे. संध्याकाळी कापला की सकाळी पुन्हा तयार. लागेल तेवढा आणावा आणि खावा. मग एकाला कंटाळा आला. तो म्हणाला, दोन्ही वेळचा एकदमच आणतो. दुसऱ्याने बघितले आणि दोन दिवसांचा आणला. तिसऱ्याने चार दिवसांचा. साठा सुरू झाला तसा भाताला कोंडा आला, कापलेला पुन्हा उगवेना. मग शेते वाटली, बांध पडले. मग एकाने आपले राखून दुसऱ्याचे घेतले. मग चोरी, खोटे, मारामारी. शेवटी सगळे जमले आणि आपल्यातल्याच एकाला म्हणाले, तू न्याय कर, आम्ही आमच्या भातातला वाटा तुला देऊ. तो महासम्मत, म्हणजे सगळ्यांनी मिळून मानलेला. शेतांचा धनी म्हणून खत्तिय.

बघा, अडीच हजार वर्षांपूर्वीचे सांगणे आहे. यात ब्रह्मदेव कुठे नाही. यात भात आहे, कणगी आहे, बांध आहे, आणि लोकांची संमती आहे. राजा आभाळातून पडलेला नाही, त्याला आपल्यातूनच उभा केला आहे, आणि त्याला खायला आपणच घालतो आहोत.

कुणी म्हणेल ही सुत्तातली गोष्ट झाली, पुरावा काय? पुरावा आपल्या महाराष्ट्रातच जमिनीखाली निघाला. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ पासून तिथे बरीच वर्षे खोदकाम केले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या, त्याच्याही आधीच्या शेतकऱ्यांचे गाव निघाले. बहुतेक घरे साधी, लहान. मधोमध एक घर पाच खोल्यांचे, आणि त्या घराला धान्याचे कोठार. लोक आपले मृत घरातच पुरत, सरळ निजवून. पण या पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात एक माणूस निघाला, तो चार पायांच्या मोठ्या रांजणात मांडी घातलेला. म्हणजे जिवंतपणी कोठार त्याच्याजवळ होते आणि मेल्यावर त्याचे पुरणेही वेगळे झाले. तलवार सापडो न सापडो, कणगी सापडली की सत्ता सापडली असे आम्ही धरतो.

आता तिथून आपल्या दारात येऊ. सुरगाणा हे १९४८ पर्यंत संस्थान होते. साधारण ३६० चौरस मैलांचे, कोळी घराण्याचे, राजाला इथे देशमुख म्हणत. संस्थान विलीन झाले, देशमुखी गेली. म्हणून डोंगरातल्या माणसावरची सत्ता गेली का? नाही. ती दोघांकडे गेली, सावकाराकडे आणि जंगल खात्याकडे.

आमची पिठाची गिरणी आहे म्हणून आम्हांला एक गोष्ट दिसते ती साहेबाला दिसत नाही. दिवाळीनंतर नागलीची पोती येतात. होळीपर्यंत पोत्याची पायली होते. आषाढ-श्रावणात बाई फडक्यात बांधून शेर-दोन शेर आणते, आणि ते घरचे नसते. या दोन महिन्यांत ज्याच्या घरी कणगी भरलेली, तो वर्षभराचा राजा. आषाढात घेतलेले धान्य कापणीला सवाईने नाहीतर दिढीने फेडायचे. फेडून कणगी पुन्हा रिकामी, की पुन्हा त्याच्याच दारात. सरकारने खावटी कर्ज सुरू केले, आदिवासी विकास महामंडळ १९७२ साली काढले, १९७४ साली आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदा केला, ते याचसाठी. ज्याने कुणी हे ठरवले त्याला सत्तेचे घर बरोबर माहीत होते. अंमलबजावणीचे बोलू नये, वेळ पुरणार नाही.

शेजारच्या ठाणे जिल्ह्यात तर लग्नगडी नावाचा प्रकार होता. वारली पोराने लग्नाला कर्ज काढायचे आणि नवराबायकोने आयुष्यभर मालकाकडे राबायचे. वेठ वेगळीच. १९४५ च्या मे महिन्यात झरी गावी हजारो वारली जमले. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर किसान सभेचे काम करीत होते. तिथे ठरले की वेठ करायची नाही. एवढेच. कुणाला मारा म्हणून ठरले नाही, लुटा म्हणून ठरले नाही. हात बांधून बसायचे. आणि काय झाले? पिढ्यान्‌पिढ्या चाललेली लग्नगड्याची प्रथा मोडली. पुढे ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला गोळीबार झाला, माणसे मेली. पण गोळी घालावी लागली याचाच अर्थ नुसता शब्द आता पुरत नव्हता. ज्या दिवशी मालकाला बंदूक आणावी लागते त्या दिवशी त्याची अर्धी सत्ता संपलेली असते.

हे आपल्याला नवे नाही. आपल्या आजोबांकडे महारवतन होते. वतन म्हणजे काय, तर चार बिघे जमीन आणि त्याच्या बदल्यात चोवीस तास अख्ख्या गावाची ताबेदारी. सरकारचा कागद पोचवा, मेलेले ढोर ओढा, वेशीवर बसा, आणि भाकरी मागून खा. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतनाचे बिल आणले तेव्हा आपल्यातलेच काही लोक म्हणाले, असू द्या, तेवढाच आधार आहे. हे आम्ही मुद्दाम सांगतो. सत्तेचे मूळ वरच्याच्या हातात असते तसे खालच्याच्या मनातही असते. कनिष्ठ वतने कायद्याने संपली ती १९५८ च्या कायद्याने. पण आपण मनाने ती १९५६ लाच टाकली होती.

काळाराम मंदिराचेही तसेच. २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू झाला. आपले कर्मवीर दादासाहेब गायकवाड त्यात पुढे होते, दिंडोरी तालुक्यातल्या आंब्याचे. बाया होत्या, म्हातारे होते, मार खाल्ला, तुरुंग भोगला. वर्षांमागून वर्षे गेली, दार उघडले नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी सांगितले की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. आता विचार करा, त्या दिवशी पुजाऱ्याचे काय गेले? कुलूप त्याचेच होते, किल्ली त्याचीच होती, देव त्याचाच होता. गेले ते एकच, बाहेर उभे राहून आत बघणारा माणूस गेला. दाराची सत्ता दारात नसते, बाहेर ताटकळणाऱ्यात असते.

पण एवढ्यावर टाळी वाजवू नका. धर्म बदलला, ढोर ओढायचे सोडले, तेव्हा कितीतरी गावांनी आपल्यावर बहिष्कार टाकला. दळण बंद, किराणा बंद, शेतातली मजुरी बंद. मन मोकळे झाले होते, पण कणगी त्यांच्याकडेच होती. म्हणून दादासाहेबांनी १९५९ ला आणि पुन्हा १९६४-६५ ला भूमिहीनांचा सत्याग्रह केला, लाखो लोक तुरुंगात गेले. दादासाहेबांना कळले होते की नुसते मन बदलून भागत नाही, पायाखाली जमीन लागते.

आता गिरणीचे सांगतो. आम्ही बदली म्हणून लागलो तेव्हा सकाळी गेटावर उभे राहायचे. जॉबर येणार, बघणार, बोट दाखवणार. ज्याच्याकडे बोट तो आत, बाकीचे घरी. जॉबर म्हणजे काय मालक नव्हे, आपल्यासारखाच चाळीत राहणारा माणूस. पण ते बोट! त्या बोटासाठी लोक त्याच्या घरी गणपतीला नारळ घेऊन जात. आम्हीही गेलो आहोत, खोटे कशाला बोला.

आणि कामगारांतही जात होती. जुन्या काळी साचाखात्यात आपल्या माणसाला घेत नसत. पगार तिथे जास्त, म्हणून आपल्याला रिंगखात्यात. कारण काय सांगत? धोट्यात सुताची कांडी भरली की दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि महाराचे तोंड लागलेला धोटा दुसरा कसा तोंडाला लावील? १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला आणि मागणी घ्यायला लावली. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात, रेल्वे कामगारांपुढे त्यांनी सांगितले की कामगारांचे शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. लाल बावटेवाल्यांनी दुसरा धरला, आपण पहिला धरला. दोन्ही एकदम धरणारा अजून भेटायचा आहे.

विणकरावरून आठवले. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत, लोक ज्यांना पांडवलेणी म्हणतात, तिथे नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्याने भिक्खूंच्या चीवरासाठी आणि इतर खर्चासाठी ३,००० कार्षापण कायमचे ठेवले. कुणाकडे ठेवले? राजाच्या खजिन्यात नाही. गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. एकीकडे २,००० महिना शेकडा एक व्याजाने, दुसरीकडे १,००० महिना शेकडा पाऊण व्याजाने. म्हणजे राजाच्या जावयाने विणकरांवर विश्वास टाकला. त्यांची संघटना बँकेसारखी होती. आम्ही पहिल्यांदा हे वाचले तेव्हा रात्रभर झोप आली नाही. मागाशी बसणारा माणूस एके काळी ठेवी सांभाळत होता, आणि आम्ही बोटाची वाट बघत गेटावर उभे!

१८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख कामगार संपावर गेले. आमचे वडील त्यात होते. दत्ता सामंतांवर लोकांचा जीव. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच नाही. पण हरला. आम्ही बरीच वर्षे विचार केला की वारली जिंकले आणि गिरणी कामगार का हरला? एकी तर याचीही होती. आमच्या अल्पबुद्धीला पटलेले उत्तर असे. नकारात जोर तोवरच, जोवर समोरच्याला तुमचा हात लागतो. गवत कापायला मालकाला वारलीच लागत होता. पण कापड भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागावर निघू लागले होते, आणि गिरणीखालची जमीन कापडापेक्षा महाग झाली होती. मालकाला आमच्या हाताची गरजच उरली नाही. ज्याच्यावाचून अडत नाही त्याने कितीही नाही म्हटले तरी कोण ऐकतो?

मग ६ मार्च २०१८ ला नाशिकहून लाँग मार्च निघाला, त्यात सगळ्यांत जास्त माणूस आपल्या सुरगाणा-पेठ-कळवणकडचा. या भागाने जे. पी. गावितांना १९७८ पासून अनेकदा आमदार केलेले, तेही पुढे होते. मागणी काय, तर वनजमीन कसणाऱ्याच्या नावावर करा. कायदा २००६ चा. दावे टाकून कितीतरी वर्षे झाली होती. कसतो चार एकर आणि मंजूर झाले काही गुंठे, असे कितीतरी. १८० किलोमीटर चालत गेले. शेवटच्या रात्री मुंबईत दहावीच्या पोरांची परीक्षा बुडू नये म्हणून मध्यरात्रीनंतर उठून आझाद मैदानाकडे चालू लागले. १२ मार्चला सरकारने लेखी दिले. म्हणाल, यांच्याजवळ काय होते? संप करायला गिरणी नव्हती. यांच्याजवळ फाटलेले पाय होते आणि ते साऱ्या देशाने बघितले. लाजेलाही बळ असते, पण ते थोडे दिवस टिकते. म्हणून २०१९ ला आणि २०२३ ला पुन्हा चालावे लागले. आणि २०२२ च्या अखेरीला सीमेवरच्या गावांनी रस्ता-पाणी-दवाखाना देत नसाल तर आम्हांला गुजरातेत घाला म्हणून सांगितले, तेव्हा अधिकारी धावत आले. तोही नकारच.

आणि तरीही दिवाळीनंतर पहाटे बसस्टँडवर जाऊन बघा. पिकअप लागलेल्या असतात. द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे माणसे भरून जातात. मुकादम उचल देतो, तेव्हाच हंगाम बांधला जातो. आम्ही ते बघतो तेव्हा आम्हांला जॉबरचे बोट दिसते.

आता इथवर आम्ही दुसऱ्यांचे सांगितले. ते सोपे असते.

२०१८ ला मार्चला निघालेल्या लोकांनी वाटेसाठी पीठ-तांदूळ गोळा केले. त्यातले बरेच पीठ आमच्या गिरणीवर दळले गेले. आम्ही दळणाचे पैसे घेतले. पुरे घेतले. आमच्या मनात तेव्हा आलेही नाही. आम्ही शिवाजी पार्कला जातो तेव्हा लोक आम्हांला फुकट जेवू घालतात, हे आठवायला हवे होते.

दुसरे. आमच्याकडे एक कोकणा म्हातारी दळायला येते. नाव सांगत नाही. दळण ठेवते आणि बाहेर पायरीवर बसते, ऊन असो पाऊस असो. आत बाकडे आहे. आपल्या वस्तीतल्या बाया येतात त्या बाकड्यावर बसतात. आमची मुलगी सुट्टीला आली होती, तिने विचारले, "बाबा, ती आजी बाहेर का बसते?" आम्ही म्हणालो, तिला तिथंच बरं वाटतं, आम्ही काय बाहेर बस म्हणालो नाही. मुलगी म्हणाली, "पण आत या असंही कधी म्हणाला नाहीत ना?" अकरा वर्षे ती बाई पायरीवर बसली. आमच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे, त्याच्या खाली बसून आम्ही पैसे मोजतो.

बांधवांनो, इथे आपली घरे थोडी. कुणी मास्तर, कुणी आरोग्य खात्यात, कुणी एसटीत, कुणी कचेरीत. शिकलो, संघटित झालो, खुर्ची मिळाली, ती बाबासाहेबांमुळे. पण खुर्चीपुढे जो उभा असतो तो बहुतेक आदिवासीच असतो, आणि त्याला आपण "उद्या ये" म्हणतो तेव्हा ते कुठून शिकलो? भगवंतांच्या संघात शाक्य राजपुत्र आले तेव्हा ते स्वतः म्हणाले की आधी उपाली न्हाव्याला दीक्षा द्या, म्हणजे आम्हांला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा अभिमान मोडेल. त्यांना स्वतःचा रोग ठाऊक होता. आम्हांला तो मुलीने दाखवला.

मुलीने त्याच दिवशी आजीला हात धरून आत आणले, बाकड्यावर बसवले, चहा दिला. पुढच्या खेपेला ती पुन्हा पायरीवर. आम्ही बोलावले तर हसली आणि नको म्हणाली. चार-पाच वेळा बोलावल्यावर आली. अजूनही बाकड्याच्या टोकाला बसते, उठायच्या तयारीने.

तिसरे विहाराचे. हे ऐकून काहींना राग येईल. या विहाराची वीट कुणाच्या पैशाने बसली? महिला मंडळाच्या. दर पौर्णिमेला घरटी दहा-वीस रुपये गोळा करून बायांनी पत्र्याचे पैसे उभे केले. आम्ही वर्गणीची पुस्तके छापली, त्यावर आमच्या सह्या. समितीत पदाधिकारी सगळे पुरुष. आणि विहाराची किल्ली नऊ वर्षे आमच्या खुंटीला आहे. बायांना पहाटे झाडलोट करायला यायचे झाले तर त्या आमच्या दारात येऊन हाक मारतात, "भाऊ, किल्ली द्या." आणि आम्ही आतून म्हणतो, "थांबा जरा." काळारामाच्या दारावर एवढे बोललो, आणि आमच्याच खुंटीचे आम्हांला दिसले नाही.

आमच्या मंडळींना आम्ही रात्री विचारले की किल्ली कुणाकडे द्यावी. त्या म्हणाल्या, "देताय हे खरं असेल तर आधी टेबलावर ठेवा, मग विचारा."

तर अध्यक्षसाहेब, ही किल्ली. येत्या पौर्णिमेला बैठक आहे. तोवर कुणाच्या घरी राहील ते बायांनी इथेच ठरवावे, आम्हांला विचारू नये. आमच्याकडे दोन पायल्या नागली दळायची राहिली आहे आणि चारला लाईट जाते, म्हणून रजा घेतो.

जयभीम.